लिफ्ट किट बसवल्यावर मागचे शॉकअप पुन्हा पुन्हा का जातात?

लिफ्ट किट म्हणजे गाडीची उंची वाढवणारे सामान, आणि शॉकअप म्हणजे शॉक ॲबसॉर्बर. तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते. "गाडी दोन इंच उचलली, मोठे टायर घातले, पहिला पावसाळा झकास गेला. दिवाळीच्या सुमारास मागचा एक शॉकअप तेल गाळायला लागला. नवी जोडी घातली, पुढच्या वर्षी परत तेच." मग आणखी महागाची, भडक रंगाची जोडी येते आणि तीही जाते. दुकानदाराला शिव्या बसतात, कंपनीला बसतात, गोव्याच्या रस्त्यांना तर बसतातच.

एखादा शॉकअप निकृष्ट निघू शकतो, नाही असे नाही. पण एकाच गाडीत, एकाच जागी, वेगवेगळ्या कंपन्यांचे शॉकअप ओळीने जात असतील तर दोष त्याच्या आजूबाजूला शोधायला हवा. माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा उंचीच्या निवडीत सापडतो. गाडी किती उचलायची हे आधी ठरते. गाडीवर वजन किती पडते आणि ॲक्सलला (दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याला) वरखाली व्हायला जागा किती उरते, हे शेवटपर्यंत कुणी मोजतच नाही.

यापुढचे बरेचसे लिखाण पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, गाड्यांबद्दल आहे: जिप्सी, मागे पाटे असलेली जुनी थार, बोलेरो, आणि गोव्यातल्या सत्तरी-सांगे भागात अजून राबणाऱ्या जुन्या महिंद्रा जीपा. २०२० नंतरची थार, जिम्नी आणि गुरखा यांचे काम कॉइल स्प्रिंगवर चालते. त्यांचे जिथे वेगळे आहे तिथे तसे सांगतो.

आधी जुना शॉकअप वाचा

रॉडवर तेलाचा पुसट थर आणि त्यावर बसलेली लाल धूळ, एवढेच असेल तर घाबरायचे कारण नाही. सील ओले राहावे म्हणून थोडे तेल रॉडबरोबर बाहेर येतेच. थेंब ओघळून खालच्या टोकाच्या रबरी बुशपर्यंत पोचला असेल तर मात्र सील गेले. शंका असेल तर खडबडीत रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवा आणि उतरल्या उतरल्या चारही शॉकअपना बेताने हात लावा, चटका बसू शकतो. खड्ड्याच्या दणक्यातली ऊर्जा उष्णतेत घालवणे हेच शॉकअपचे काम. तीन गरम आणि एक थंड लागला, तर थंड असलेला काम करत नाही.

काढलेला शॉकअप भंगारात टाकण्याआधी धुऊन उजेडात पाहा. रॉडवर उभे ओरखडे किंवा गंजाचे बारीक टिपके असतील तर सील चिखलाने आणि खाऱ्या हवेने कापले गेले आहे. आपली जांभ्याची माती लोहाच्या ऑक्साइडने भरलेली. ती रॉडवर सुकली की पुढच्या प्रत्येक फेरीत सीलवर घासकागदासारखी फिरते. रॉड स्वच्छ आहे, पण शॉकअप हाताने पूर्ण ताणल्यावर शेवटी 'खट्' आवाज येतो किंवा सैल हिसका लागतो, तर तो वरच्या टोकाला आपटून आपटून गेला आहे. रॉड वाकलेला किंवा खालचा बूड फुगलेला असेल तर उलटे झाले, तो पूर्ण दबून फुटला. आणि तेल अजिबात नाही, फक्त डोळ्यातला (टोकाच्या, बोल्ट जाणाऱ्या कड्यातला) रबरी बुश एका बाजूला चेपून फाटलाय, तर दोष बसवण्याच्या पद्धतीत आहे. त्याबद्दल पुढे.

लिफ्ट केलेल्या पाट्यांच्या गाड्यांत सगळ्यात जास्त दिसतो तो दुसरा प्रकार, म्हणजे ताणून मेलेला शॉकअप. तो कसा ते आकड्यांत पाहू.

समजा, तुमचा मागचा शॉकअप पूर्ण दबला की एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत ३३० मिमी भरतो आणि पूर्ण ताणला की ५३०. म्हणजे त्याची चाल २०० मिमी. गाडी मूळ उंचीवर उभी असताना हेच अंतर ४३० असेल, तर दबायला १०० आणि ताणायला १०० अशी जागा आहे. आता पाटे बदलून गाडी ५० मिमी उचलली आणि शॉकअप तोच ठेवला. उभ्या गाडीत अंतर झाले ४८०. दबायला १५०, ताणायला उरले फक्त ५०. व्हाळात (ओढ्यात) उतरताना एक चाक खड्ड्यात गेले की ॲक्सल सहज त्याहून जास्त खाली लोंबतो. मग जड ॲक्सल, चाक, ब्रेक ड्रम या सगळ्याला थोपवून धरणारा दोर म्हणजे तो शॉकअप. आतला पिस्टन वरच्या गाइडवर आपटतो, सील ढिले होते, आणि दिवाळीपर्यंत तेल बाहेर.

किटबरोबर 'लांब शॉकअप' आले म्हणून निश्चिंत होणारे दुसऱ्या खड्ड्यात पडतात. लांब शॉकअप पूर्ण दबल्यावरही लांबच असतो. तो ३८० मिमीच्या खाली दबत नसेल आणि तुमचा ॲक्सल बंप स्टॉपला (ॲक्सलची वरची हद्द धरणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकतो तेव्हा डोळ्यांमधले अंतर ३४० असेल, तर बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच आपटणार. भरल्या गाडीत एकच मोठा दणका पुरतो. अशा वेळी बंप स्टॉप खाली आणावे लागतात. या उदाहरणात ४० मिमी हिशेबाचे, शिवाय रबर दबते त्याची जागा.

मोजायचे कसे

गाडी सपाट सिमेंटवर लावा. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर टेपने घ्या आणि लिहून ठेवा. टायरच्या तळापासून मोजू नका, हवा कमीजास्त असली की आकडा फसवतो. नंतर नेहमीचे सामान आणि माणसे भरून तेच चार आकडे परत घ्या.

मग मागची चासी जॅकने उचला, दोन्ही बाजूंना स्टँड द्या, पुढच्या चाकांना ओंडके लावा. ॲक्सल लोंबू द्या, पण त्याच्याखाली दुसरा जॅक नुसता टेकवून ठेवा. आता शॉकअपचा खालचा बोल्ट काढायला घ्या. नट सुटला तरी बोल्ट हातोडीने मारल्याशिवाय हलत नसेल, तर उत्तर तिथेच मिळायला लागले, कारण तो ताणाखाली आहे. दोन्ही शॉकअप सोडून जॅक सावकाश उतरवा. ॲक्सल आणखी खाली गेला तर इतके दिवस त्याला शॉकअपच धरून होता. ॲक्सल जिथे थांबेल तिथे वरच्या आणि खालच्या बोल्टमधले अंतर मोजा. हे तुमचे ताणलेले अंतर. याच वेळी ब्रेकची रबरी नळी किती ताणली जाते तेही पाहून घ्या. ती ताठ होत असेल तर शॉकअपच्या आधी नळी बदलायची.

दबलेले अंतर घेण्यासाठी पाटे सोडून ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत उचलावा लागतो. ते गॅरेजमध्येच करा, घरच्या जॅकवर नको. मग शॉकअप असा निवडा की त्याची पूर्ण ताणलेली लांबी तुमच्या मोजलेल्या अंतरापेक्षा १५ ते २० मिमीने जास्त, आणि पूर्ण दबलेली लांबी तितकीच कमी भरेल. चांगल्या उत्पादकांच्या यादीत हे दोन आकडे छापलेले असतात. 'दोन इंच लिफ्टसाठी' एवढेच लिहिलेला डबा मी घेत नाही.

कॉइलच्या गाड्यांत ही बोल्ट काढायची परीक्षा तशीच्या तशी लागू करू नका. तिथे पुष्कळदा कंपनीनेच शॉकअपला खालची हद्द ठरवायचे काम दिलेले असते आणि तो त्या हिशेबाने बनवलेला असतो. फार लांब शॉकअप घातला तर ॲक्सल इतका लोंबेल की कॉइल आपल्या बैठकीतून सुटेल.

वजन: सगळ्यांनी टाळलेले काम

वजनकाट्यांची आपल्याकडे टंचाई नाही. चिरे, खडी, रेतीचे टिप्पर जिथे वजन करतात तिथेच गाडी न्या. पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची. काट्यावरचा माणूस थोडा हसेल, पण पावती देईल.

वाळपईच्या पलीकडच्या एका कुळागरवाल्याची (सुपारी-नारळाच्या बागायतदाराची) जुनी थार अशीच दर वर्षी मागचे शॉकअप खायची. त्याचे म्हणणे, "बाब, पाटे नवे, शॉकअप नवे, मग राहिले काय?" राहिले होते ते मागच्या बाजूला: सुपारीची पोती, नारळ, पंपसेटचे सामान, आणि कायमचा बसवलेला लोखंडी कॅरिअर. मोकळी गाडी इतकी ताठ आणि उंच की चाक खड्ड्यात लोंबले की शॉकअप ताणून आपटायचा. भरली की पाटे उताणे पडायचे आणि बंप स्टॉप दर दहा मीटरला ठोकायचा. एकाच गाडीत दोन्ही रोग. कुणीतरी त्याला 'कडक' पाटे दिले होते. कडकपणा भरल्या गाडीच्या हिशेबाने, उंची मोकळ्या गाडीच्या हिशेबाने, आणि शॉकअप मूळ गाडीचा.

स्प्रिंगचा हिशेब अवघड नाही. मागच्या प्रत्येक बाजूची स्प्रिंग २५ न्यूटनला १ मिमी दबणारी असेल, तर ॲक्सलवर १०० किलो वाढवले की प्रत्येक बाजूला ५० किलो, म्हणजे साधारण ४९० न्यूटन, आणि गाडी जवळजवळ २० मिमी बसते. ३०० किलो टाकले की ६० मिमी. म्हणजे दोन इंचांची लिफ्ट पोत्यांनी खाऊन टाकली आणि वर व्याज घेतले.

यावर पाटे जाड करणे हा उपाय सोपा दिसतो, पण पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिमीच्या जागी ७ मिमीचा पाटा घातला की तो एकटा जवळजवळ ५९ टक्के जास्त ताठ होतो. ट्रकच्या भंगारातला एक जाड पाटा आत सरकवून 'लिफ्ट' करून देणारे कारागीर आहेत. स्वस्तात होते आणि पाठ मोडते. कॉइलमध्ये तर तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. तार दहा टक्के जाड, स्प्रिंग ४६ टक्के कडक. म्हणून 'थोडीशी जाड' हे शब्द स्प्रिंगच्या बाबतीत ऐकले की मी आकडा मागतो.

कधी मोकळी, कधी भरलेली अशी गाडी असेल तर सगळे पाटे ताठ करण्यापेक्षा खाली एक मदतीचा पाटा घ्यावा, जो गाडी ठराविक बसल्यावरच टेकतो आणि मग वजन उचलतो. त्या कुळागरवाल्याच्या गाडीत शेवटी तेच केले. मूळ ताठरपणाचे पाटे, जेमतेम इंचभर उंची, खाली मदतीचा पाटा, आणि मोजून घेतलेले शॉकअप. गाडी आता दिसायला साधी दिसते, याचे त्याच्या मुलाला अजून वाईट वाटते.

उलट ज्याच्या पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) कायमची बसलेली आहे, त्याने पुढच्या स्प्रिंग त्या वजनाच्याच घ्याव्या. बंपर, विंच, तिची प्लेट आणि लोखंडी दोर मिळून शंभर किलोच्या आसपास जाणे काही विशेष नाही, आणि तेही पुढच्या ॲक्सलच्याही पुढे टांगलेले. दोर सिंथेटिक घेतला तर तिथे बरेच किलो वाचतात. स्प्रिंग बदलण्याआधी हे करून पाहा.

उंची कशी मिळवली, त्यावर रोग ठरतो

लांब शॅकल (पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) हा सगळ्यात स्वस्त मार्ग. शॅकल ५० मिमीने लांब केली तर ॲक्सलपाशी साधारण २५ मिमीच मिळतात, कारण उचलले जाते ते पाट्याचे एकच टोक. ज्या गाड्यांत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते, तिथे लांब शॅकलने ॲक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ यायचे विसरते. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये कोनाची पाचर घालून हे सुधारता येते. अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टरचा आकडा कागदावर मागून घ्या. पुष्कळ जण फक्त टो (चाके पुढून आत-बाहेर किती वळलेली ते) बघून गाडी सोडतात.

जुन्या सीआरडीई डिझेल थारला पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) आहेत. त्याचा बोल्ट पिळला की गाडी वर येते, पैसा लागत नाही, म्हणून सगळेच पिळतात. याने बार कडक होत नाही आणि एकूण चालही वाढत नाही. वरची जागा वाढते ती खालच्या जागेतून काढलेली असते. जास्त पिळले की बॉल जॉइंट कायम वाकड्या कोनात राहतात, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटतात, आणि त्यात लाल पाणी शिरले की जॉइंट कटकटायला लागतो. एखादा इंच, तोही विंचच्या वजनाने बसलेली गाडी परत जागेवर आणण्यापुरता, एवढाच त्याचा उपयोग धरा.

नव्या थारच्या पुढे स्प्रिंग-शॉकअप एकत्र आहेत, त्यावर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) ठेवतात. असेंब्लीच्या डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर ठेवला की चाकापाशी २५पेक्षा जास्त उंची येते, कारण शॉकअप खालच्या हाताला (चाक धरणाऱ्या कंट्रोल आर्मला) चाकापासून आत कुठेतरी जोडलेला आहे. पूर्ण लोंबल्यावर वरचा हात कॉइलला किंवा आपल्या हद्दीला टेकतो का, हे चाक हवेत ठेवून डोळ्यांनी पाहावे लागते. टेकत असेल तर वरचा हात बदला किंवा स्पेसर कमी करा.

जिम्नी उचलली की पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवे धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे) ॲक्सल बाजूला सरकतो. मागून पाहिले की एक चाक जास्त बाहेर दिसते. लांबी जुळवता येणारा रॉड लागतो, शिवाय कॅस्टर दुरुस्तीचे बुश. या दोन गोष्टींशिवाय विकलेले किट अर्धे आहे असे समजा.

कोणती पद्धत बरी, तर पूर्ण नवा जुळवलेला संच, कमी उंचीचा. गोव्यात ३० ते ४० मिमीच्या पुढे जायचे कारण मला फारसे दिसत नाही. कुळ्याहून दूधसागरला पर्यटक नेणाऱ्या जीपा माणसांनी भरलेल्या असतात आणि ओढ्यांतून जातात. त्यांत आभाळाला टेकलेली गाडी माझ्या तरी पाहण्यात नाही. उंच गाडीचे वेड बरेचसे स्पर्धांमधून आले. २०१४ साली गोव्यात सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा पाहायला गेलेला प्रत्येक जण परत येताना मनात पाच इंच घेऊनच येतो. पण त्या बहुतेक गाड्या ट्रेलरवर येतात, त्यांच्याबरोबर मेकॅनिक असतो, आणि सोमवारी सकाळी त्यांना मांडवी पूल ओलांडून कामावर जायचे नसते.

शॉकअप कोणता

नुसती स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप मूळचा ठेवला, तर तो स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही. गाडी एका खड्ड्याला दोन-तीनदा डुलते आणि शॉकअप तापून तेलाला फेस येतो. म्हणून स्प्रिंग बदलली की तिला जुळणारा शॉकअप घ्यायचाच.

एक नळीवाला की दोन नळीवाला, यावर तास तास वाद होतात. एक नळीवाला उष्णता लवकर सोडतो, लांब वाळवंटी रस्त्यावर तो सरस. पण त्याची नळी हीच पिस्टनची भिंत; व्हाळातला एक दगड नेमका लागून खळगा पडला की पिस्टन अडकलाच. दोन नळीवाल्याच्या बाहेरच्या नळीला तसा खळगा पडला तरी आतले काम चालू राहू शकते. आपल्याकडे वेग कमी, दगड जास्त, म्हणून नायट्रोजनचा दाब असलेला दोन नळीवाला मला पुरेसा वाटतो. वेगळी टाकी लटकवलेले महागडे शॉकअप सुंदर दिसतात, फोटोही चांगले येतात.

रॉडवर रबरी बूट घालायचा असेल तर त्याला खाली पाणी निघायला भोक आहे का पाहा. नसेल तर तो चिखल साठवणारी पिशवी होतो आणि रॉड आतल्या आत गंजतो. चिखलातून घरी आलात की त्याच दिवशी पाण्याचा पाइप लावून शॉकअप आणि पाटे धुवा, माती ओली आहे तोवर. समुद्राच्या बाजूला राहणाऱ्यांनी कोरड्या दिवसांतही.

बुश का फाटतात

ही चूक इतकी सर्रास होते की मी गॅरेजमध्ये उभा राहून पाहतो. गाडी वर उचललेली, ॲक्सल लोंबतो आहे, आणि मिस्त्री पाट्यांचे आणि शॉकअपचे सगळे बोल्ट फुल टाइट करून मोकळा होतो. रबरी बुश त्या लोंबत्या कोनात आवळला जातो. गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो, आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळतो. काही महिन्यांत फाटतो. मग 'बुशचा दर्जा घसरला' अशी चर्चा होते. बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून हलवायची, आणि मग तिच्या वजनाखाली शेवटचे आवळायचे, टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला.

यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे बोल्ट) जुनेच परत वापरू नका. ते एकदा ताणले की संपले. नवे बसवल्यावर काहीशे किलोमीटरनंतर परत टॉर्क तपासा. ढिल्या यू-बोल्टमध्ये पाट्याचा मधला बोल्ट तुटतो, ॲक्सल मागे सरकतो, आणि त्याचा राग परत शॉकअपवर निघतो.

स्टिअरिंग थरथरते तेव्हा

लिफ्टनंतर साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग हातात नाचायला लागले, तर आधी रिमच्या आत हात घाला. पावसाळ्यानंतर सुकलेला चिखल चाकाच्या आतल्या बाजूला पाव-अर्धा किलो सहज बसतो. खरवडून काढा, बॅलन्सिंग करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मिटली नाही तर एकाला स्टिअरिंग डावी-उजवी थोडे थोडे हलवायला सांगा आणि स्वतः खाली झोपून पाहा: पॅनहार्ड रॉडचे बुश, टाय रॉड एंड, किंगपिनचे बेअरिंग, या क्रमाने. रॉड आधी हलतो आणि ॲक्सल मागाहून, असे दिसले तर बुश सापडला. त्यानंतर कॅस्टर. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगला लावायचा छोटा शॉकअप) अगदी शेवटी; तो थरथर झाकतो, कारण तसेच राहते.

थरथर स्टिअरिंगमध्ये नाही, सीटखाली जाणवते, तर प्रॉपेलर शाफ्टचा (ॲक्सलपर्यंत इंजिनची ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन बिघडला आहे. आखूड गाड्यांत हे लवकर होते.

ज्याकडे कुणी पाहत नाही

काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला एक काडी जोडलेली असते, ती वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला जाते. गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. अनमोड किंवा चोर्ल्याच्या उतारावर भरल्या गाडीने हे कळावे अशी इच्छा नसेल, तर काडीचा ब्रॅकेट लिफ्टइतका जुळवून घ्या. हेडलाइटही खाली करून घ्या.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी आधी गाडीखाली वाकून पाहते. कमी उंचीचा, मूळ जागांवर बसणारा संच घ्यायचे हे आणखी एक कारण. किनाऱ्यावर गाडी घालणे आणि म्हादई किंवा मोलेच्या अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे, यावर तर चर्चाच नको.

खर्च करायच्या आधी एक फुकटची गोष्ट करून पाहा. कच्च्या रस्त्याला लागल्यावर टायरची हवा ३०वरून २० पीएसआयच्या आसपास आणा आणि तोच रस्ता परत चालवा. निम्म्या लोकांना यानंतर लिफ्टची गरजच वाटत नाही. डांबरावर यायच्या आधी हवा भरा, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर जवळ ठेवा.

आणि हे सगळे करूनही एकाच बाजूचा शॉकअप जात असेल, तर चासीवरचा त्याचा माउंट वायर ब्रशने घासून पाहा. लाल गंजाखाली वेल्डिंगला केसाएवढी चीर असते. जड माणसाला मागे उभे करून गाडी हलवली की ती उघडमीट करताना दिसते. माउंट काही मिलिमीटर वाकला तरी शॉकअप तिरका चालतो आणि सील एका बाजूने खाल्ले जाते. वरून नुसता टाका मारून घेऊ नका. चीर पूर्ण खरवडून, मागे पट्टी देऊन वेल्ड करून घ्या, वर झिंकचा प्रायमर मारा, आणि शॉकअप त्यानंतर मागवा.